एकच सेबी, दोन न्याय

दिवाळीच्या आगेमागे वाशीम जिल्ह्यातल्या रिसोडच्या बाजार समितीत सोयाबीनची आवक वाढते तेव्हा एका ढेरीचा भाव ठरायला मिनिटभरही लागत नाही. व्यापारी मूठभर दाणे तळहातावर घेतो, एखादा दाताखाली फोडतो, ओलावा किती, माती-काडी किती, डागी दाणा किती याचा मनाशी हिशेब करतो आणि आकडा बोलतो. दुसरा पंचवीस रुपये चढवतो, तिसरा गप्प राहतो, हर्राशी पुढच्या ढेरीकडे सरकते. चार महिन्यांच्या मेहनतीची किंमत तिथे ठरलेली असते. व्यापाऱ्याच्या खिशातल्या मोबाइलवर सकाळीच तेलगिरण्यांचे ‘प्लांट रेट’ आलेले असतात. कोणत्या प्लांटला किती माल हवा, कालच्यापेक्षा आज पन्नास वर की खाली, हे त्याला ठाऊक असते. हे दर हल्ली गावोगावच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवरही फिरतात, म्हणजे आजचा भाव शेतकऱ्यालाही कळतो. परंतु त्याचा खरा प्रश्न आजच्या भावाचा नसतो. माल आज विकावा की जानेवारीपर्यंत घरात ठेवावा, हे त्याला ठरवायचे असते. त्या प्रश्नाचे उत्तर शोधायला एकेकाळी एक उघडी, सर्वांना सारखी दिसणारी खिडकी होती, सोयाबीनच्या वायद्याची. ती डिसेंबर २०२१ मध्ये बंद झाली. ती बंद करणारी सेबी ही रोखे बाजाराची नियामक संस्थाच देशातल्या छोट्या गुंतवणूकदाराच्या रक्षणासाठीही नेमलेली आहे.

त्याच शेतकऱ्याच्या घरात आज एखादे डिमॅट खातेही असू शकते. मार्च २०२० मध्ये देशात सुमारे चार कोटी डिमॅट खाती होती, २०२५ मध्ये त्यांनी वीस कोटींचा टप्पा ओलांडला. ही वाढ मुंबई-पुण्यापुरती राहिलेली नाही, तालुक्याच्या गावांपर्यंत ती पोचली आहे. घरातल्या मुलाने मोबाइलवरून एका कंपनीचा एक शेअर विकला, तरी संध्याकाळपर्यंत त्याच्या ईमेलवर कॉन्ट्रॅक्ट नोट येते. ऑर्डर कितीला दिली, सौदा किती वाजून किती मिनिटे किती सेकंदांनी झाला, सौद्याचा क्रमांक काय, दलाली किती, कर किती, हे सगळे तिच्यात छापलेले असते. जानेवारी २०२३ पासून सर्व शेअरच्या व्यवहारांची पूर्तता दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी होते. तक्रार असेल तर ‘स्कोअर्स’ या सेबीच्या पोर्टलवर घरबसल्या नोंदवता येते, ब्रोकरला किंवा कंपनीला ठरलेल्या मुदतीत उत्तर द्यावे लागते. एका शेअरच्या विक्रीला मिळणारे हे संरक्षण वडिलांच्या वीस क्विंटल सोयाबीनला मिळत नाही. बाजार समितीची हिशेबपट्टी मिळते, पण ‘कडता’ म्हणजे वजनातली घट का कापली, ओलावा कोणत्या यंत्राने मोजला, बाजूच्या ढेरीला शंभर रुपये जास्त का मिळाले, याची नोंद तिच्यात क्वचितच सापडते.

छोट्या गुंतवणूकदाराला नियामकाकडून नेमके काय हवे असते? २०२५ मध्ये सेबीने देशभरातल्या कुटुंबांची पाहणी प्रसिद्ध केली. रोखे बाजारातले किमान एक साधन माहीत असलेली कुटुंबे ६३ टक्के आणि प्रत्यक्षात गुंतवणूक करणारी जेमतेम साडेनऊ टक्के. सुमारे ८० टक्के कुटुंबांनी परताव्यापेक्षा मुद्दल सुरक्षित राहण्याला महत्त्व दिले. सामान्य माणसाला बाजारात तेजीची हमी नको असते, आपल्याला अंधारात ठेवून कोणी खेळत नाही एवढा भरवसा हवा असतो. हा भरवसा दोन गोष्टींतून येतो. सौदे उघड्यावर व्हावेत, ही पहिली. आणि नियम करणाऱ्याने आपला निर्णय कशाच्या आधारावर घेतला तेही उघड्यावर सांगावे, ही दुसरी. पहिलीबद्दल आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते, दुसरीबद्दल फार थोडे. आणि त्या दुसऱ्या कसोटीवर सेबीने शेअर बाजाराला एक न्याय लावला आणि सोयाबीनला दुसरा.

शेअर बाजारातली बाजू आधी पाहू, कारण तिथे सेबीने चांगले काम केले आहे आणि ते मान्य केले पाहिजे. शेअर व निर्देशांकांच्या वायदे-पर्यायांत, म्हणजे लोक ज्याला ‘एफ अँड ओ’ म्हणतात त्यात, करोनानंतर छोट्या माणसांची झुंबड उडाली. सेबीने जानेवारी २०२३ मध्ये पहिला अभ्यास प्रसिद्ध केला. २०२१-२२ मध्ये या व्यवहारांत उतरलेल्यांपैकी ८९ टक्के लोक तोट्यात होते. सप्टेंबर २०२४ चा दुसरा अभ्यास आणखी गंभीर निघाला. तीन वर्षांत एक कोटीहून अधिक व्यक्ती या बाजारात उतरल्या, त्यांतल्या ९३ टक्क्यांनी पैसा गमावला आणि एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या वर गेला. सगळा खर्च वजा जाता लाखाच्या वर नफा कमावणारे अवघे एक टक्का होते. २०२३-२४ मध्ये या व्यवहारांतल्या पंचाहत्तर टक्क्यांहून अधिक लोकांनी आपले वार्षिक उत्पन्न पाच लाखांच्या आत दाखवले होते आणि बहात्तर टक्क्यांहून अधिक लोक पहिल्या तीस शहरांच्या बाहेरचे होते. तिशीच्या आतल्यांचे प्रमाण एका वर्षात ३१ वरून ४३ टक्क्यांवर गेले. रिसोड, मालेगाव, मेहकर, सेनगाव यांसारख्या तालुक्यांतला नोकरीच्या शोधातला मुलगा या आकड्यांच्या आत बसतो. उलट बाजूला कोण होते, तेही अभ्यासाने सांगितले. त्या वर्षी दलाली पेढ्यांच्या स्वतःच्या खात्यांना सुमारे ३३ हजार कोटी आणि परदेशी संस्थांना सुमारे २८ हजार कोटींचा ढोबळ नफा झाला, आणि त्यातला जवळजवळ सगळा संगणकीय प्रणालींनी केलेल्या सौद्यांतून आला.

हे आकडे हाती आल्यावर सेबीने बाजार बंद केला नाही. प्रत्येक ब्रोकरच्या अ‍ॅपवर ‘दहापैकी नऊ जण तोट्यात जातात’ हा इशारा जुलै २०२३ पासून सक्तीचा केला. ३० जुलै २०२४ ला प्रस्तावांचा मसुदा प्रसिद्ध केला, त्यावर लोकांकडून सूचना मागवल्या, त्या हजारोंनी आल्या. १ ऑक्टोबरला अंतिम नियम जाहीर केले. कराराचा किमान आकार पाच-दहा लाखांवरून पंधरा लाखांच्या वर नेला, साप्ताहिक मुदतीचे करार प्रत्येक एक्स्चेंजला एकाच निर्देशांकापुरते ठेवले, पर्याय खरेदी करणाऱ्याकडून पूर्ण रक्कम आगाऊ घेणे बंधनकारक केले. तरीही २०२४-२५ मध्ये ९१ टक्के लोक तोट्यातच राहिले आणि निव्वळ तोटा १,०५,६०३ कोटींवर गेला. तो आकडाही सेबीनेच जाहीर केला. आपल्या उपायांना पुरेसे यश आले नाही हे दाखवणारी आकडेवारी स्वतः छापणे ही नियामकासाठी सोपी गोष्ट नसते. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेतल्या जेन स्ट्रीट समूहाविरुद्ध सेबीने अंतरिम आदेश काढला. बँक निफ्टीच्या घटक शेअरांत सकाळी मोठी खरेदी करून निर्देशांक वर ढकलायचा आणि त्याच वेळी पर्यायांत उलट बाजूचे सौदे करून कमवायचे, असा सेबीचा आरोप आहे. ४,८४३ कोटी रुपये जप्त करण्याचा आदेश निघाला. कंपनीने आरोप नाकारला आणि अपिलात गेली. त्यावर जो निकाल यायचा तो येईल, पण आदेश शंभरावर पानांचा होता, त्यात दिवसवार आणि मिनिटवार सौद्यांची मांडणी होती आणि कोणालाही तो वाचता येत होता. म्हणजे एका संशयित खेळाडूला पुराव्यासकट बाजूला काढले, बाजार मात्र चालू ठेवला.

आता सोयाबीन. १९ डिसेंबर २०२१ च्या रविवारी सेबीने निर्देश काढले आणि सोमवारपासून सात शेतमालांच्या वायद्यांवर बंदी लागू झाली. बिगर-बासमती भात, गहू, हरभरा, मोहरी, सोयाबीन, कच्चे पामतेल आणि मूग. मोहरी आणि सोयाबीनबरोबर त्यांचे तेल, पेंड वगैरेही आले. नवे सौदे करायचे नाहीत, असलेले सौदे फक्त मिटवायचे, नवे करार आणायचे नाहीत, मुदत एक वर्ष. पत्रक छोटे होते. कोणत्या मालात कोणी गैरव्यवहार केला, किती साठा कोणाकडे सापडला, वायद्यामुळे भाव किती वाढला, यांपैकी काही त्यात नव्हते. आधी मसुदा नव्हता, सूचना मागवल्या नव्हत्या. वर्ष संपत आले तेव्हा मुदत डिसेंबर २०२३ पर्यंत वाढली, मग डिसेंबर २०२४ पर्यंत, मग ३१ जानेवारी २०२५, मग ३१ मार्च २०२५, आणि तिथून ३१ मार्च २०२६ पर्यंत. दर वेळी बाजाराला शेवटच्या दिवसांपर्यंत वाट पाहावी लागली आणि दर वेळी कारणांची जागा कोरी राहिली. एका बाजूला दोन अभ्यास, एक मसुदा, हजारो सूचना आणि मग मोजके निर्बंध. दुसऱ्या बाजूला रविवारचे एक पत्रक.

या निर्णयाने सोयाबीनचे भाव पाडले असे म्हणणारे बरेच आहेत, पण ते तितके खरे नाही. २०२१ च्या जुलै-ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातल्या काही बाजारांत सोयाबीनने क्विंटलला दहा हजारांचा टप्पा गाठला होता. ऑगस्टमध्ये केंद्राने जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची १२ लाख टन पेंड आयात करू दिली, खाद्यतेलावरचे आयात शुल्क पुन्हापुन्हा कमी केले, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये नवा माल येताच भाव निम्म्यावर आले. वायदेबंदी त्यानंतर दोन महिन्यांनी आली. पुढच्या वर्षांतली मंदीही मुख्यतः ब्राझीलच्या विक्रमी पिकाची, स्वस्त पामतेलाची आणि आपल्या आयात धोरणाची देणगी होती. २०२४-२५ मध्ये हमीभाव ४,८९२ रुपये आणि बाजारात मिळणारे चार हजारांच्या आसपास, अशी गत झाली. ती विधानसभा निवडणुकीत प्रचाराचा विषय बनली, तेव्हाही दोष एकट्या वायदेबंदीवर टाकता येणार नाही. बंदीने केले ते वेगळे नुकसान, आणि ते मोजायला अवघड असल्यामुळे दुर्लक्षित राहिले. पडणारा भाव आधी दिसण्याची सोय तिने काढून घेतली.

वायद्याचा भाव म्हणजे भविष्य नव्हे. पुढच्या जानेवारीत, एप्रिलमध्ये माल देण्या-घेण्याचे करार करणाऱ्या शेकडो लोकांनी आपापले पैसे लावून व्यक्त केलेला तो अंदाज असतो. चुकतोही. पण तो एकट्या माणसाच्या तर्कापेक्षा बरा असतो, दर मिनिटाला बदलतो आणि मुख्य म्हणजे सगळ्यांना सारखाच दिसतो. एनसीडीईएक्स हे एक्स्चेंज डिसेंबर २००३ मध्ये सुरू झाले आणि त्यावरच्या सोयाबीन वायद्याचे मूळ केंद्र इंदूर होते. ऑक्टोबरमध्ये इंदूरचा जानेवारी वायदा हातातल्या भावापेक्षा तीनशे रुपयांनी वर असेल, तर गोदामभाडे, व्याज, घट वजा करून माल ठेवणे परवडते की नाही, याचा हिशेब कागदावर मांडता येतो. वायदा खालीच असेल तर ठेवण्यात अर्थ नाही, हेही कळते. शेतकरी उत्पादक कंपन्या त्याहून एक पाऊल पुढे जात होत्या. सभासदांचा माल गोळा करून आजच पुढच्या महिन्याचा भाव बांधून ठेवायचा, म्हणजे बाजार पडला तरी ठरलेला भाव हाती येतो. महाराष्ट्रातल्या काही कंपन्यांनी हे करून पाहिले होते. नुकते कुठे हे तंत्र अंगवळणी पडू लागले होते, तेवढ्यात दार बंद झाले.

शिवाय दार सगळ्यांना बंद झालेले नाही. शिकागो बोर्ड ऑफ ट्रेड १८४८ पासून आहे, तिथे सोयाबीन, पेंड आणि तेल यांचे वायदे रोज चालतात. पामतेलाचे क्वालालंपूरला, सोयाबीन पेंडीचे चीनच्या दालियनला. भारत आपल्या गरजेच्या निम्म्याहून अधिक खाद्यतेल आयात करतो, त्यामुळे मोठा आयातदार आणि मोठा प्रक्रिया उद्योग त्या पडद्यांवर डोळा ठेवूनच आपला खरेदीदर काढतो. तोच दर प्लांट रेट म्हणून रिसोडच्या ओट्यावर पोचतो. म्हणजे वायद्याचा भाव हर्राशीत हजर असतोच, फक्त तो परदेशी असतो, इंग्रजीत असतो, डॉलर आणि बुशेलमध्ये असतो आणि तो वाचून रुपये-क्विंटलमध्ये उतरवण्याची क्षमता फक्त घेणाऱ्याकडे असते. पारदर्शकता हा शब्द आपण शेअर बाजारात इतक्या आग्रहाने वापरतो, तो इथे का लागू पडू नये? एका बाजूकडे माहिती आहे आणि दुसऱ्या बाजूकडे नाही, अशा सौद्याला शेअर बाजारात गुन्हा मानतात.

बंदीच्या बाजूने घेतली जाणारी पहिली हरकत महागाईची आहे, आणि ती हलकी नाही. तेल आणि डाळ महागली की गरिबाचे ताट रिकामे होते. सट्टेबाज कागदावर खरेदी-विक्री करून भाव फुगवतात, म्हणून महागाईत वायदे थांबवावेत, असे हे म्हणणे आहे. ते तपासायला वाशीम जिल्ह्यात लांब जावे लागत नाही. सोयाबीनच्याच ओळीत उभी असलेली तूर पाहावी. तुरीचे वायदे जानेवारी २००७ पासून बंद आहेत. तरी २०१५ मध्ये तूरडाळ किलोला दोनशे रुपयांवर गेली. तिथे कोणताच वायदा नव्हता, मग भाव कोणी फुगवला? दोन वर्षांचा तुटवडा, दुष्काळ आणि साठेबाजी. पुढच्याच हंगामात त्या भावाला भुलून शेतकऱ्याने तुरीचा पेरा वाढवला, पीक उदंड आले आणि ५,०५० रुपयांच्या हमीभावाखाली भाव कोसळला. २०१७ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या सरकारी खरेदी केंद्रांसमोर गाड्यांच्या रांगा लागल्या, बारदाना संपला, लोक आठवडे ताटकळले. पेरणीच्या आधी पुढच्या हंगामाचा वायदा खाली दिसत असता, तर सगळ्यांनीच तूर पेरली नसती. बंदीने ग्राहकाला २०१५ मध्ये वाचवले नाही आणि शेतकऱ्याला २०१७ मध्ये वाचवले नाही. तुरीची बंदी मात्र आजही तशीच आहे.

हाच प्रश्न सरकारने एकदा तज्ज्ञांपुढेही ठेवला होता. अर्थतज्ज्ञ अभिजित सेन यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने २००८ मध्ये अहवाल दिला. वायद्यांमुळे शेतमालाचे भाव वाढले असा ठाम निष्कर्ष उपलब्ध आकडेवारीतून काढता येत नाही, असे त्या समितीने म्हटले. सेन हे मुक्त बाजाराचे भक्त म्हणून ओळखले जात नव्हते, म्हणून त्या निष्कर्षाला वजन आहे. २०२१ च्या बंदीनंतरचा अनुभवही तेच सांगतो. बंदी लागू असताना २०२२ च्या वसंतात युक्रेन युद्धाने सूर्यफूल तेल अडले, एप्रिलअखेर इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात थांबवली आणि भारतातले खाद्यतेल आणखी महागले. इंडोनेशियाने निर्यात खुली केल्यावर भाव उतरले. चढतानाही बंदी होती, उतरतानाही होती. आयआयटी मुंबईच्या शैलेश जे. मेहता व्यवस्थापन संस्थेतल्या अभ्यासकांनी आणि बिमटेक या संस्थेनेही या बंदीचा अभ्यास केला. बंदीने किरकोळ भाव कमी झाले नाहीत, उलट भाव ठरण्याच्या प्रक्रियेला मिळणारा आधार गेला, असा त्यांचा सूर आहे. हे अभ्यास अपुरे किंवा चुकीचे वाटत असतील तर सेबीने आपला अभ्यास समोर ठेवावा. शेअरच्या बाबतीत तिने तो ठेवलाच आहे.

दुसरी हरकत गैरव्यवहाराची. तिच्यातले सत्य नाकारण्यात अर्थ नाही. गवारीच्या वायद्यात भाव अवाच्या सवा चढले, तेव्हा मार्च २०१२ मध्ये तो थांबवावा लागला. २०१३ च्या जुलैअखेर नॅशनल स्पॉट एक्स्चेंज कोसळले. सुमारे तेरा हजार गुंतवणूकदारांचे ५,६०० कोटी रुपये अडकले आणि गोदामांत ज्या मालाच्या पावत्या होत्या तो माल पुष्कळ ठिकाणी नव्हताच. त्यात निवृत्तीचे पैसे घालून बसलेली मराठी कुटुंबेही होती. मात्र या दोन्ही प्रकरणांतून काय निघाले ते पाहावे. गवारीचा वायदा चौकशी आणि नव्या अटींनंतर मे २०१३ मध्ये पुन्हा सुरू झाला. स्पॉट एक्स्चेंजचे संकट मुळात नियामकाची धड नजर नसलेल्या जागेत घडले, आणि त्याचा परिणाम म्हणून वायदेबाजाराचे तेव्हाचे कमकुवत नियामक, फॉरवर्ड मार्केट्स कमिशन, २८ सप्टेंबर २०१५ ला सेबीत विलीन केले गेले. विलीनीकरणाचा हेतूच हा होता की शेतमालाच्या बाजाराला शेअर बाजारासारखी सक्षम देखरेख मिळावी. देखरेख मिळाल्यावर सहा वर्षांत बाजारच बंद करायचा असेल, तर ती देखरेख कशावर? उघडा बाजार बंद केला म्हणून सौदे थांबतात असेही नाही. कोणत्याही नोंदीत न येणारे ‘डब्बा’ सौदे अशाच अंधारात वाढतात. तिथे कॉन्ट्रॅक्ट नोट नसते आणि तक्रार ऐकायला कोणी नसते.

तिसरी हरकत सर्वांत जवळची आहे. शेतकरी काही वायद्यात सौदे करत नाही, मग त्याला काय फरक पडतो? आणि सुरू केलाच, तर एफ अँड ओमध्ये बुडालेल्या पोरांसारखी शेतकऱ्यांची पोरेही बुडतील. पहिल्या भागाचे उत्तर सोपे आहे. निफ्टीचा सौदा न करणारा म्युच्युअल फंडवालाही निफ्टीवरून आपल्या पैशाची स्थिती जोखतो. भाव वापरण्यासाठी सौदा करावा लागत नाही. दुसऱ्या भागातली भीती खरी आहे, आणि वायदा सुरू करा म्हणणाऱ्यांनी ती झटकून टाकू नये. पाच एकरांच्या शेतकऱ्याने मोबाइलवर सोयाबीनच्या वायद्यात उलाढाल करावी असे कोणताच शहाणा माणूस सुचवणार नाही. ते काम उत्पादक कंपनीने, प्रत्यक्ष मालाच्या आधारावर करायचे आहे. निव्वळ सट्टेबाजाला रोखायचे तर साधने तयार आहेत. मुदत संपताच प्रत्यक्ष माल देणे-घेणे सक्तीचे ठेवणे, एका व्यक्तीच्या सौद्यांवर मर्यादा, भाव भडकला की अनामत वाढवणे, आणि कोणत्या गटाकडे किती सौदे आहेत याची माहिती रोजच्या रोज प्रसिद्ध करणे. यांतली बहुतेक साधने आपल्याकडे होती किंवा आहेत. शेअरच्या वायद्यांत ९१ टक्के लोक बुडत असताना जी साधने पुरेशी मानली गेली, ती सोयाबीनला अपुरी का, याचे उत्तर अद्याप कोणी दिलेले नाही.

वऱ्हाडाला सट्ट्याची भीती कोणी शिकवायला नको. १८६० च्या दशकात अमेरिकेत यादवी पेटली, इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि वऱ्हाडाच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या पैशावर मुंबईत बॅक बे भरावाच्या शेअरांचा ज्वर चढला आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच कापूस आणि शेअर दोन्ही एकदमच कोसळले. त्या पडझडीनंतर १८७५ मध्ये मुंबईत शेअर दलालांची संघटना उभी राहिली, त्याच वर्षी कापूस व्यापाऱ्यांचीही. कापूस आणि शेअर यांचे बाजार आपल्याकडे एकाच काळात, एकाच अनुभवातून नियमांकडे आले. शेतकऱ्यांच्या चळवळीतही हा विषय नवा नाही. शेतकरी संघटनेचे संस्थापक शरद जोशी यांनी वायदेबाजाराचे समर्थन फार आधीपासून केले होते. शेतकऱ्याला बाजारापासून वाचवण्याच्या नावाखाली त्याचा भाव पाडला जातो, अशी त्यांची मांडणी होती. जानेवारी २०२३ मध्ये शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी अनिल घनवट यांच्या नेतृत्वाखाली सेबीच्या मुंबई कार्यालयावर धडक दिली. शेतकरी आजवर तहसीलवर गेला, मंत्रालयावर गेला. तो रोखे बाजाराच्या नियामकाच्या दारात जाऊन ‘बाजार उघडा’ म्हणतो, ही घटना जितकी चर्चिली जायला हवी होती तितकी झाली नाही.

एक शंका उरते. अन्नधान्याच्या महागाईचा प्रश्न आला की निर्णय सेबीच्या हातात राहतो का? बाजारातल्या बहुतेकांचे मत असे की तो दिल्लीत होतो आणि सेबी फक्त पत्रक काढते. तसे असेल तर सरकारने तो आपल्या नावाने, कारणांसकट घ्यावा. महागाई रोखण्यासाठी शेतकऱ्याने किंमत मोजावी असे सरकारला वाटत असेल, तर ते लोकशाहीत मांडता येण्याजोगे मत आहे, त्यावर वाद घालता येईल. स्वायत्त नियामकाच्या सहीखाली ते लपवले, तर शेतकऱ्याचा आणि शेअर गुंतवणूकदाराचा, दोघांचाही त्या सहीवरचा विश्वास कमी होतो. आज कारण न देता सोयाबीनचा करार रात्रीतून थांबवता येतो हे पाहिलेला माणूस उद्या आपल्या इतर करारांबद्दल निश्चिंत कसा राहील? मोठे व्यापारीही अशा बाजारात परतायला कचरतात, आणि व्यवहारच नसलेला वायदा कागदावर सुरू झाला तरी त्याच्या भावाला अर्थ नसतो. बंदी उठल्यावरही हे नुकसान भरून यायला वेळ लागेल.

वाशीम-हिंगोली पट्ट्यात उत्तर शोधायला फार वणवण करावी लागत नाही. इथलाच शेतकरी हळदही लावतो. हळदीचा वायदा डिसेंबर २०२१ च्या यादीत नव्हता, तो सुरूच राहिला. २०२३ च्या पावसाळ्यात हळदीचे भाव झपाट्याने चढले, तेव्हाही तो चालू होता. हळद उत्पादकाला पुढच्या महिन्यांचा भाव दिसतो, त्यावर तो ठेवायचे की विकायचे ठरवतो, कधी चुकतो, कधी कमावतो. त्याच्याच बांधावरच्या सोयाबीनला ही सोय नाही. तेव्हा मागणी अवाजवी मोठी नाही. सात शेतमालांपैकी प्रत्येकाचा स्वतंत्र विचार करावा, आकडेवारी प्रसिद्ध करावी, शेअरच्या नियमांसारखा मसुदा काढून सूचना मागवाव्यात, त्यात उत्पादक कंपन्यांना आणि बाजार समित्यांना मराठीतून म्हणणे मांडता यावे. बंदी ठेवायचीच असेल तर कोणत्या परिस्थितीत उठेल ते आधी लिहावे. उठवायची असेल तर प्रत्यक्ष मालाच्या सक्तीसह उठवावी आणि मान्यताप्राप्त गोदामांची सोय वाशीमसारख्या उत्पादक जिल्ह्यांत करावी, नाहीतर फायदा पुन्हा इंदूरच्या आसपासच राहील. आणि निर्णयाची तारीख बदलावी. आजवरच्या मुदती डिसेंबर, जानेवारी आणि मार्चमध्ये संपत आल्या आहेत. डिसेंबर-जानेवारीपर्यंत छोट्या शेतकऱ्याचा बराचसा माल विकून झालेला असतो आणि मार्चअखेर आलेल्या पत्रकातून खरिपाचे नियोजन होत नाही. वाशीममध्ये सोयाबीनचे बियाणे मे महिन्यात घरात येते आणि मृगाच्या पावसावर पेरणी होते. पुढच्या हंगामात वायदा असेल की नसेल, हे त्या बियाण्याच्या खरेदीआधी, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, कारणांसह जाहीर व्हायला हवे.